हात न लावता घेतलेली गाडी

पहिल्याच भेटीत त्यांनी मला 'फेअर' ठरवलं. आर्णीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते आणि खोली शोधत त्यांच्या ओट्यापाशी उभी होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मी कुठली, बाप काय करतो एवढंच विचारलं. मी ढाणकीची, वडील उमरखेड लाइनवर काळीपिवळी जीप चालवतात, असं मी सांगितलं. ते घरात तोंड करून म्हणाले, "अवं, फेअर हाय. देऊन टाक खोली." मला बरं वाटलं. नंतर त्यांच्या बायकोकडून, म्हणजे काकूंकडून, कळलं की कापसात वरून आधी सुपर, मग एफएक्यू, मग फेअर आणि सगळ्यात खाली फरतड, म्हणजे हंगाम संपल्यावर झाडाला उरतो तो रडका कापूस. मी खालून दुसरी होते. त्या घरात मी चार वर्षं भाड्यानं राहिले, पण माझी ग्रेड काही सुधारली नाही.

ते सरकारी कापूस खरेदी केंद्रावरचे निवृत्त ग्रेडर. अख्खं गाव त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचं आणि चारचौघांत काकूही तेच म्हणायच्या. कापसाची गाडी केंद्रावर आली की शर्टाची बाही गुंडाळायची आणि ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, ही त्यांची पद्धत. कारण लोक वरती पांढराशुभ्र कापूस पसरतात आणि खाली पिवळा, किडका, नाहीतर वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला दडपतात. ग्रेडरसाहेब तळातून मूठभर काढत, चिमटीत धागा ताणत, एक सरकी दाताखाली फोडत. कट्ट वाजली तर माल कोरडा. मग एक शब्द बोलून पुढच्या गाडीकडे जात. मागून शेतकरी साहेब काहून, साहेब काय झालं, असं विचारत राहायचा. साहेब थांबत नसत. त्यांचं म्हणणं असं की ग्रेड सांगायची असते, समजावायची नसते. समजावायला बसलं की ग्रेडर संपला आणि वकील सुरू झाला.

एवढ्या नोकरीत त्यांनी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही, हे त्यांचे वैरीदेखील कबूल करत, आणि वैरी भरपूर होते. पैसे खाणाऱ्या ग्रेडरला लोक शिव्या देतात आणि विसरून जातात. न खाणाऱ्याला कोणी विसरत नाही.

नोकरी संपली तरी हात काही थांबला नाही. बाजारात ते मेथीच्या टोपलीत तळापर्यंत हात घालायचे, त्यामुळे भाजीवाल्या बाया त्यांना लांबून येताना बघून टोपलीवर पदर टाकत. लग्नाच्या पंगतीत बुंदीच्या परातीला खालून चाचपायचे. आमच्या नव्या हेडमास्तरांशी पाच मिनिटं बोलून त्यांनी मला सांगितलं, "वरून सुपर हाय, खाली ओल हाय." पुढं सहा महिन्यांत ते खरं निघालं, पण ते वेगळं प्रकरण. काकूंच्या भाकरीला रोज एफएक्यू मिळायचं. सणावारालाही एफएक्यूच. मी एकदा काकूंना विचारलं, तुमची स्वतःची ग्रेड काय. त्या तुरीची डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मले कुठं पाह्यलं त्यायनं? त्यायच्या बापानं पाह्यलं होतं."

मी तिथं राहायला गेले ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंडअळीनं अर्धं पीक पोखरलं आणि उरलेल्याचा भाव पडला. भाव वाढेल या आशेवर लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घराच्या बैठकीत छतापर्यंत कापूस होता आणि माणसं ओट्यावर झोपत होती. कापसामुळं सगळ्यांच्या अंगाला खाज सुटायची. माझ्या वर्गातली पोरं एका हातानं आकृती काढत आणि दुसऱ्या हातानं मान खाजवत. पांढरं सोनं म्हणून भाषणं देणाऱ्यांच्या घरात मात्र कापूस नव्हता, त्यामुळे त्यांना खाज नव्हती. आणि गंमत अशी की कापूस कोणी घेत नसताना मोबाईलवर मात्र सगळं जग विकायला निघालं होतं. इंटरनेट स्वस्त झालं होतं. गल्लीतले लोक कापसाच्या ढिगाला टेकून फ्रीज, सोफे आणि ट्रॅक्टरचे फोटो बघत बसत.

ग्रेडरसाहेबांच्या घरात कापूस नव्हता, पण कापसावरून पडलेली एक गाठ होती. काकूंचं माहेर फुलसावंगीचं. आईवडील गेलेले, माहेर म्हणजे धाकटा भाऊ उत्तमराव. शेती मोठी, माणूस तोऱ्याचा. नऊ वर्षांपूर्वी ऐन वेचणीत पाऊस झाला, त्या साली उत्तमराव जवळचं केंद्र सोडून मुद्दाम आर्णीला कापूस घेऊन आला, कारण आर्णीला भाऊजी होते. भाऊजींनी बाही गुंडाळली, हात घातला, सरकी चावली, आणि रांगेतल्या साठ-सत्तर गाड्यांसमोर म्हणाले, "परत न्या." उत्तमरावनं कारण विचारलं. ते पुढच्या गाडीकडे गेले.

उत्तमराव कापूस घेऊन परत गेला आणि गावात सांगत सुटला की माल हाडासारखा कोरडा होता, भाऊजीनं स्वतःचा खरेपणा मिरवायला सख्ख्या साळ्याचं नाक कापलं. झाल्या गोष्टीची त्यांनी माफी मागितल्याशिवाय आपण बोलणार नाही, असं तो म्हणाला. ग्रेडची माफी नसते, असं साहेब म्हणाले. काकूंना कोणीच काही म्हणालं नाही. साहेबांनी जाऊ नको असं कधी सांगितलं नव्हतं, उलट जायचं तर जा म्हणत. पण नवऱ्याला घरी ठेवून त्या एकट्या भावाच्या दारात कोणत्या तोंडानं जाणार? नऊ दिवाळ्या त्या गेल्या नाहीत. हे सगळं त्यांनी मला अगदी सपाट आवाजात सांगितलं, जसं कोणी दुसऱ्याच बाईबद्दल सांगावं.

मग माझ्या तिथल्या चौथ्या उन्हाळ्यात उत्तमरावच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. छापलेल्या मजकुराखाली पेनानं, थोरल्या बहिणीला बाई म्हणणाऱ्या उत्तमरावच्या हातची एक ओळ होती, 'भाऊजी, बाईले घेऊन यावे.' काकूंनी पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली. संध्याकाळी ग्रेडरसाहेब म्हणाले, जाऊ. काकू चटकन आत गेल्या. मी खिडकीतून बघितलं, त्या चुलीसमोर उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि चुलीवर काहीच नव्हतं.

पण साहेबांची एक अट होती, अर्थात स्वतःलाच घातलेली. त्या गावात ते एसटीतून उतरणार नव्हते. कापूस परत धाडणारा ग्रेडर पिशवी काखेत मारून फाट्यावर उतरला, हे दृश्य त्यांना उत्तमरावला द्यायचं नव्हतं. भाड्याची जीपही नको. स्वतःची कार पाहिजे. त्यांना सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं, याचा त्यांनी विचार करून ठेवला होता. जीपवाल्याची पोरगी घरात भाड्यानं राहत होतीच. मी गाडी चालवायला वडिलांकडे शिकले होते, आणि माझ्या फेअर असण्याचा प्रथमच उपयोग झाला.

आता गाडी घ्यायची तर यवतमाळला जावं, चार दुकानं बघावी. साहेब नाही म्हणाले. मी कारण विचारल्यावर त्यांनी त्यांच्या स्वभावाविरुद्ध ते समजावून सांगितलं, यावरून प्रकरणाचं गांभीर्य लक्षात यावं. "पोरी, या जिल्ह्यात मले गाडी विकन असा एकबी मानूस नाई का ज्याचा, नाईतर ज्याच्या बापाचा कापूस म्या परत नाई धाडला. मले पाह्यलं का थो वरून पालिश मारन अन् खालून फरतड देईन." म्हणून गाडी अशा माणसाकडून घ्यायची की जो ग्रेडरसाहेबांना ओळखत नाही. असा माणूस फक्त इंटरनेटवर होता. शिवाय यंत्राला नातेवाईक नसतात, असंही त्यांचं मत पडलं.

अशा रीतीनं ज्या माणसानं आयुष्यात भेंडी मोडून बघितल्याशिवाय घेतली नाही, तो निवृत्तीच्या पैशातून हात न लावता कार घ्यायला निघाला.

पुढचे तीन आठवडे माझा मोबाईल त्यांचाच होता. जुन्या गाड्या विकणारी एक कंपनी त्यांनी पसंत केली. तिच्या प्रत्येक गाडीचे पुष्कळ फोटो असत आणि प्रत्येक गाडी दोनशे ठिकाणी तपासली आहे असा दाखला असे. गिऱ्हाइकांनी दिलेले चांदणीवाले शेरे ते लक्षपूर्वक वाचत. जवळजवळ सगळ्यांनी पाचपैकी पाच दिलेले बघून ते अस्वस्थ झाले. सगळ्या गाड्या सुपर लागत असतील तर ग्रेडर झोपलेला आहे, असं ते म्हणाले. शेवटी एकानं एक चांदणी देऊन कंपनीला आईवरून शिवी घातलेली सापडली, तेव्हा त्यांना धीर आला. या कंपनीत निदान एक तरी माणूस जागा होता.

कंपनीतून एका मुलीचा फोन यायचा. गोड आवाज, घाईत बोलायची, सर सर करायची. साहेब स्पीकरवर ठेवून तिची उलटतपासणी घेत. गाडी कोणाची होती, तो माणूस काय करायचा, त्यानं विकली काहून. ती म्हणायची, सर, ती माहिती गोपनीय असते. मग ते विचारत की गाडी पावसात उभी असायची की छपराखाली. ती म्हणायची, सर, आमच्या एक्स्पर्टनं दोनशे ठिकाणी तपासली आहे. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दोनशे जागी हात लावला हे समजलं बाई. पण आत किती घातला?"

 मग ती म्हणाली की सर, तुम्हाला सात दिवसांची रिटर्न पॉलिसी आहे, नाही आवडली तर सात दिवसांच्या आत परत करा, पूर्ण पैसे मिळतील. तिला वाटलं असेल की हे ऐकून म्हातारा खूश होईल. साहेबांचा चेहरा उतरला. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले की ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो परत घेण्याची भाषा करत नाही. आणि आपण एकदा हो म्हटल्यावर माल परत करणं म्हणजे आपला हात चुकला असं जगाला सांगणं. सौदा झाला म्हणजे झाला.

तरी त्यांनी गाडी निवडली. पांढरी. पांढऱ्यावर डाग लपत नाही, हा त्यांचा हिशेब कापसातून आलेला होता. फोटो बोटांनी मोठा करून करून त्यांनी तिच्या पेडलांची रबरं, दाराच्या कडा, डिकीतलं कार्पेट बघितलं. कधी कधी ते नकळत मोबाईलच्या काचेवर अंगठा आणि तर्जनी घासत, धागा काढावा तसे. एके दुपारी त्यांनी मला बटण दाबायला सांगितलं. काकूंना काही दाखवलं नव्हतं. मी म्हटलं, काकूंना एकदा विचारू या का? ते म्हणाले, "तिले काय समजते गाडीतलं?"

सोमवारी गाडी आली. कंपनीच्या माणसानं ती दारात उभी केली, बोनेटला लाल रिबीन बांधली, साहेबांच्या हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली देऊन फोटो काढला आणि तो निघून गेला. गल्ली गोळा झाली. कापूस पडून असलेल्या घरांतली माणसं एका हातानं खाजवत गाडीभोवती फिरली. सगळे छान आहे म्हणाले. समोरच्या गॅरेजचे रशीदभाईदेखील आले. त्यांच्या वडिलांचा कापूस साहेबांनी दोनदा परत धाडला होता, त्यामुळे दोघांमध्ये नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं. रशीदभाईंनी दारातून डोकं आत घातलं, बाहेर काढलं आणि मला बाजूला नेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, इतनी खुशबू कायले मारी असन?" खरंच गाडीत अत्तराचा वास एवढा होता की डोळे चुरचुरत. ते गाडी जॅकवर चढवून खालून बघून द्यायला तयार होते, फुकट. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. रशीदच्या हातात गाडी दिली तर तो बापाच्या कापसाचा बदला घेईल, अशी त्यांना खात्री होती.

साहेबांनी स्वतः मात्र गाडीत हात घातला नाही. चार दिवस ते तिच्याभोवती फिरले, टपावर बोट फिरवून धूळ बघितली, रोज फडक्यानं पुसली. पण चटई उचलली नाही की सीटखाली वाकले नाहीत. मला तेव्हा ते विसरलेत असं वाटलं. आता वाटतं की त्यांना धाडस झालं नाही.

शुक्रवारी लग्न होतं. काकूंनी हिरवं लुगडं नेसलं होतं आणि नऊ वर्षांचं काय काय पिशव्यांत भरलं होतं. भाचीला पैठणी, भावजयीला चोळी, भावाला टोपी. सकाळी नऊलाच ऊन असं होतं की स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. साहेब माझ्या शेजारी पुढं बसले, काकू मागं. महागावपर्यंत आम्ही काचा उघड्या ठेवून गेलो. तिथून फुलसावंगीच्या रस्त्याला लागल्यावर साहेबांनी काचा वर करायला सांगितल्या. काचा बंद, आत थंड हवा आणि आपण आत शांत बसलेलो, असं त्यांना गावात शिरायचं होतं. मी एसी लावला.

एसीनं आधी अत्तर बाहेर फेकलं. ते संपल्यावर दुसरा वास यायला लागला. कुजलेला, गारसर.  मागून काकू म्हणाल्या, "अहो, पुराचा वास येते."

साहेब म्हणाले, सीटचा वास आहे, नवीन कव्हर आहे.

काकूंनी पुन्हा सांगितलं. लहानपणी नाल्याचा पूर घरात शिरला होता, पाणी ओसरल्यावर गाद्यांना महिनाभर हाच वास यायचा, तो त्या ओळखतात. साहेबांनी खिडकीतून बाहेर बघत उत्तर दिलं की गादी वेगळी आणि गाडी वेगळी. काकूंनी पदर नाकाला लावला. पुढचे सात-आठ किलोमीटर आम्ही तिघं तो वास घेत, काचा बंद ठेवून, अतिशय रुबाबात गेलो.

मांडवासमोर गाडी थांबली तेव्हा वऱ्हाड यायचं होतं आणि गावातल्या बाप्या माणसांना बघायला दुसरं काही नव्हतं. सगळे आमच्याकडे आले. फेटा बांधलेला उत्तमराव पुढं झाला. त्यानं साहेबांना नमस्कार केला, बहिणीकडे बघितलं आणि त्याला काही बोलता येईना, म्हणून तो गाडीकडे वळला. पुरुषांना अशा वेळी गाडी फार उपयोगी पडते. त्यानं कौतुकानं दार पूर्ण उघडलं. आतली थंड हवा बाहेर आली आणि पुढच्या रांगेतले दोघं मागं सरकले.

उत्तमराव शेतकरी होता, त्याच्या शेताला नदी लागून होती. त्यानं वाकून पायाखालची चटई उचलली, तिच्याखाली हात घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटांना काळा, बारीक गाळ लागला होता. त्यानं तो चिमटीत चोळला. मांडवातले सनई-ताशे चालू होते आणि गाडीभोवती सगळे त्या बोटांकडे बघत होते. साठ-सत्तर माणसं सहज असतील. साहेब ताठ उभे होते. नऊ वर्षं उत्तमरावनं ज्या क्षणाची वाट बघितली असेल, तो असा चालत दारात आला होता.

उत्तमरावनं चटई जागेवर ठेवली. हात धोतराला पुसला, नव्याकोऱ्या. म्हणाला, "झकास गाडी हाय भाऊजी. चाला, जेवाले चाला."

मला वाटलं सुटलो.  पण आमचा माणूस वेगळा होता. खोटी ग्रेड, मग ती स्वतःच्या फायद्याची का असेना, त्यांना ऐकून घेता येईना.

"उत्तमराव," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "खोटं सांगू नका. गाडी पान्यात बुडालेली हाय. मी फसलो."

 एवढ्यावर थांबले असते तर त्या दिवशी त्यांचा सत्कार झाला असता. पण ते थांबले नाहीत. म्हणाले, "पन तवाचा तुमचा कापूस ओलाच होता."

उत्तमरावचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता लग्नाचं रणांगण होणार. तो बराच वेळ फेट्याचा शेमला चाळवत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "होता. पानी म्याच मारलं होतं. पन भाऊजी, मले बाजूले घेऊन सांगता नसतं का आलं?"

 साहेबांनी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं. काकू गाडीच्या मागच्या दाराला धरून उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, दोघांच्या मधे. आवाज मोठा नव्हता.

"तुले मालूम होतं पानी मारलं म्हून," त्या भावाला म्हणाल्या, "अन् यायले मालूम होतं ओला होता म्हून. मले कोनी सांगतलं? तू म्हने कोरडा होता. हे काई बोललेच नाई. मी तुह्यं खरं धरलं. नऊ वरसं मी या मानसाले खोटारडा समजून भाकर वाढली."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना कोणत्याही गोष्टीनं दचकलेलं बघितलं नव्हतं. लाच न घेतल्याचा, कोणाला न फसवल्याचा ज्या माणसाला एवढा ताठा, त्याला स्वतःच्या घरात नऊ वर्षं खोटारडं समजलं जात होतं आणि ते त्याला माहीत नव्हतं. तो ताठा मी चार वर्षं झेलला होता, अनेकदा मनात त्याची टर उडवली होती. पण त्या वेळी मला त्यांची फार दया आली. काकूंची तर आलीच.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. साहेब एका कोपऱ्यात जेवले आणि त्यांनी बुंदीच्या परातीकडे ढुंकूनही बघितलं नाही. निघायची वेळ झाली तेव्हा काकूंनी सांगितलं की त्या येणार नाहीत, महिनाभर इथंच राहतील. त्यांनी ते विचारलं नाही, सांगितलं. साहेब हो म्हणाले. परतीच्या वाटेवर काचा उघड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. सहावा दिवस होता. गाडी परत करायची, म्हणाले. मी मोबाईल उघडला. परत करण्याचं कारण निवडा, असं त्यावर आलं. कारणं कंपनीनं आधीच लिहून ठेवलेली होती, आपण फक्त टिचकी मारायची. गाडीत दोष असू शकतो हे कंपनीला मान्य नसावं, कारण तसं कारण यादीत नव्हतं. मी त्यांना एकेक वाचून दाखवलं. विचार बदलला. किंमत जास्त वाटली. दुसरी गाडी मिळाली. घरच्यांना पसंत नाही.

शेवटचं त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग ते चष्मा काढून पुसत बसले, खूप वेळ.

"हेच टाक," ते म्हणाले. "तिनं सांगतलं होतं वास येते म्हून."

मी टिचकी मारली. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला, या वेळी रिबीन नव्हती. पैसेही आले. पाठोपाठ त्या गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला की सर, तुमच्या बजेटमध्ये आणखी तीन गाड्या आहेत, फोटो पाठवू का. साहेब तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, घरी विचारून सांगतो.

आणि ते खरोखर विचारायला गेले. दुसऱ्या दिवशी पिशवी काखेत मारून पहिल्या एसटीनं फुलसावंगीला. फाट्यावर उतरले, तिथून ऊन डोक्यावर घेऊन पायी साळ्याच्या घरी. चार दिवसांनी ते एकटेच परत आले. मी शाळेतून येत होते, ते ओट्यावर चपला काढत होते. चेहरा उन्हानं काळा पडला होता. मी विचारलं, काय म्हणाल्या काकू, गाडी घ्यायची का. त्यांनी चपला जोडून भिंतीला लावून ठेवल्या.

"नको म्हने," ते म्हणाले. "म्हने, गाडी कायले पायजे होती तुमाले? येस्टी तर नऊ वरसं रोजच येत होती."